'वर्गमित्र' कोणाचे?

सोबत शिकणाऱ्यास 'सहाध्यायी' म्हणणे आता पंडिती ठरते. सरसकट 'वर्गमित्र' चालतो. आमची त्यास हरकत आहे, आणि ती भाषाशुद्धीच्या हट्टापायी नव्हे. 'सहाध्यायी' एकत्र अध्ययनापलीकडे काहीच कबूल करीत नाही. 'सवंगडी'त खेळातली सलगी आधीच आलेली असते. ('गडी' तर याहून मोकळेपणाने बोलतो: मैदानात तो खेळाडू, वाड्यात नोकर.) 'वर्गमित्र' मात्र केवळ हजेरीपटाच्या भरवशावर मैत्रीची ग्वाही देऊन टाकतो.

१९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांना वर्गात एका कोपऱ्यात, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. संध्याकाळी ते गोणपाट परत घरी न्यायचे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्या वर्गातल्या उरलेल्या मुलांना त्यांचे 'वर्गमित्र' कोणत्या तोंडाने म्हणावे? खरे तर 'सहाध्यायी'तला 'सह'देखील तिथे अडखळतो. 'एका वर्गात होते' असे साधे वाक्य मराठीत आहे. चरित्रे लिहिणाऱ्यांनी, आणि निबंध तपासणाऱ्या आम्हा शिक्षकांनीही, तेवढेच लिहावे. 'मित्र' लिहायचा तर त्या मैत्रीचा पुरावा द्यावा.