ब्रेक्झिट : बाहेर पडायचं ठरलं, पण जायचं कुठे हे कुणी विचारलंच नाही!

२३ जून २०१६. ब्रिटनच्या मतदारांच्या हातात एक साधी मतपत्रिका होती. युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं? दोन चौकोन, त्यातल्या एकात फुली. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१ टक्के. सुमारे ३ कोटी ३५ लाख मतांमध्ये फरक होता साधारण १२ लाख ७० हजारांचा. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी त्याच दिवशी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

निकाल लागला की वाद मिटतो, असा सर्वसाधारण समज. ब्रिटनमध्ये मात्र खरं भांडण त्या दिवसापासून सुरू झालं. ते नेमकं कशावरून झालं आणि आजही पूर्णपणे का शमलेलं नाही, ते समजून घेऊ.

हा वाद आला कुठून?

ब्रिटन १९७३ मध्ये तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, तिथे राहावं की नाही यावर सार्वमत झालं. तेव्हा ६७ टक्के लोकांनी ‘राहू या’ म्हटलं होतं.

पुढे हा व्यापारी समुदाय राजकीय संघ बनत गेला. ब्रुसेल्समध्ये ठरलेले कायदे लंडनमध्ये लागू होऊ लागले. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश आत आले आणि तिथले लाखो लोक कामासाठी ब्रिटनमध्ये पोहोचले. कॅमेरॉन यांच्या हुजूर पक्षात यावरून जुनी धुसफूस होतीच. ती कायमची मिटावी म्हणून त्यांनी २०१३ मध्ये सार्वमताचं आश्वासन दिलं. स्वतः ते ‘राहा’ या बाजूचे होते.

दोन्ही बाजू काय म्हणत होत्या?

बाहेर पडा म्हणणाऱ्यांचे मुद्दे सरळ होते. आपले कायदे आपली संसद करेल, देशात कोण येणार ते आपण ठरवू आणि जगाशी व्यापाराचे करार आपण करू. हे मुद्दे पोकळ नव्हते. आपल्यावर राज्य करणाऱ्यांना मतपेटीतून घरी पाठवता आलं पाहिजे, ही मागणी लोकशाहीतलीच.

राहा म्हणणाऱ्यांचा भर नुकसानीवर होता. सगळ्यात मोठी बाजारपेठ दाराशी आहे, तिच्याकडे पाठ फिरवली तर नोकऱ्या जातील, असं ते सांगत होते.

अतिशयोक्ती दोन्हीकडे झाली. युरोपला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, असं लिहिलेली लाल बस देशभर फिरली. ब्रिटनला परत मिळणारा पैसा त्या आकड्यात धरलेलाच नव्हता, म्हणून देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तो दिशाभूल करणारा ठरवला. दुसरीकडे, ‘बाहेर’ असा कौल लागताच मंदी येईल हा सरकारी इशाराही तसा खरा ठरला नाही.

एकच निकाल, पण देश किती?

बेरीज ५२ विरुद्ध ४८ अशी असली, तरी नकाशा वेगळंच सांगत होता. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडायच्या बाजूने गेले. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के, उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे ५६ टक्के आणि लंडनमध्ये जवळपास ६० टक्के मतं राहण्याच्या बाजूने पडली. तरुण बहुतांश राहण्याच्या बाजूचे, तर वयस्कर बाहेर पडण्याच्या. एकाच घरात आजोबा आणि नातवाची फुली वेगवेगळ्या चौकोनात पडली.

सुंदरलँडचं उदाहरण बोलकं आहे. या शहरात निसानचा मोठा मोटार कारखाना आहे आणि तिथल्या गाड्या युरोपात विकल्या जातात. तरीही शहराने ६१ टक्के मतं ‘बाहेर’ला दिली. जहाजबांधणी आणि कोळसा खाणी बंद पडलेल्या अशा भागांत ‘तुमचं नुकसान होईल’ या इशाऱ्याला फारसा अर्थ उरला नव्हता.

चूल वेगळी, पण विहिरीचं काय?

एकत्र कुटुंबातला भाऊ म्हणाला, चूल वेगळी मांडतो. ठीक. पण अंगण सामाईक ठेवायचं का? विहिरीचं पाणी वाटून घ्यायचं का? बांध कुठे घालायचा? मतपत्रिकेवर फक्त चुलीचा प्रश्न होता.

प्रत्यक्षात बाहेर पडण्याचे अनेक प्रकार होते. नॉर्वे युनियनचा सदस्य नाही, पण एकल बाजारपेठेत आहे. म्हणजे बहुतेक माल जकातीविना जातो. बदल्यात तिथले नियम पाळावे लागतात आणि लोकांची ये-जा खुली ठेवावी लागते. तुर्कस्तानचा सीमाशुल्क संघ आहे. म्हणजे कारखान्यातल्या मालावर आपसात जकात नाही, पण बाहेरच्या मालावरची जकात बरीचशी युरोपच्या दराने. कॅनडाचा फक्त व्यापार करार आहे. किंवा मग कसलाच करार न करता निघून जायचं.

५२ टक्क्यांमध्ये या सगळ्या प्रकारांचे लोक होते. कुणाला स्थलांतर थांबवायचं होतं, कुणाला जगाशी खुला व्यापार हवा होता, तर कुणाला फक्त सरकारला धडा शिकवायचा होता.

आयर्लंडच्या सीमेवर गाडं अडलं

उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, तर दक्षिणेचं आयर्लंड हे स्वतंत्र राष्ट्र युरोपियन युनियनचं सदस्य. दोघांमध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे. तिच्यावरून तीन दशकं हिंसाचार झाला आणि साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर शांतता आली आणि सीमेवरच्या लष्करी चौक्या गेल्या. रस्त्यावरच्या पाट्यांवर मैलांऐवजी किलोमीटर दिसले की देश बदलला, इतकीच खूण उरली.

ब्रिटन युरोपच्या बाजारातून बाहेर पडला, तर मालाची तपासणी कुठेतरी करावीच लागणार. जमिनीवर केली तर शांततेला धोका. समुद्रात केली तर ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये सीमा. तपासणी नकोच म्हटलं, तर युरोपचे नियम पाळत राहायचे. चौथी वाट नव्हती. प्रचाराच्या गदारोळात हा प्रश्न जवळजवळ हरवूनच गेला होता.

संसदेने सगळ्यालाच ‘नाही’ म्हटलं

नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपशी करार केला. १५ जानेवारी २०१९ रोजी तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. ब्रिटिश सरकारचा आधुनिक काळातला हा सर्वांत मोठा पराभव. काहींना हा करार फार कच्चा वाटला, काहींना फार कडक.

मग खासदारांनी स्वतःच पर्याय मांडले. २७ मार्चला आठ पर्यायांवर मतदान झालं, आठही पडले. १ एप्रिलला चार, चारही पडले. सीमाशुल्क संघाचा पर्याय तर फक्त ३ मतांनी हुकला. कट्टर ‘बाहेर’वाल्यांना तडजोड नको होती आणि दुसऱ्या सार्वमताची आशा धरलेल्या काही ‘राहा’वाल्यांनाही नको होती. मधली वाट दोघांनी मिळून बंद केली.

याच काळात ब्रेक्झिट रद्द करा म्हणणाऱ्या ऑनलाइन याचिकेवर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या. समोरच्यांचं म्हणणं होतं की एकदा दिलेला कौल पुन्हा विचारणं म्हणजे मतदाराचा अपमान. आम्हीच खरे लोकशाहीवादी, हा दावा दोन्ही बाजूंचा होता.

शेवटी बोरिस जॉन्सन यांनी ‘ब्रेक्झिट उरकून टाकू’ या घोषणेवर डिसेंबर २०१९ ची निवडणूक जिंकली. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. आयर्लंडचा प्रश्न समुद्रात सीमा घालून सोडवला गेला. त्याच्या निषेधात तिथल्या सगळ्यात मोठ्या ब्रिटननिष्ठ पक्षाने सरकारमधून अंग काढून घेतलं आणि उत्तर आयर्लंड २०२२ पासून जवळपास दोन वर्षं सरकारविना राहिलं.

मग मिळालं काय, गेलं काय?

ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा अंदाज आहे की, ब्रेक्झिटमुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. स्थलांतराचं तर उलटंच झालं. युरोपातून येणारे घटले, पण बाहेरून येणारे वाढले. २०२३ च्या सुमारास वर्षभरातलं निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेलं. त्यात मोठा वाटा भारतीयांचा होता. २०२१ पासून पदवीनंतर दोन वर्षं राहण्याचा व्हिसा मिळू लागल्यावर भारतीय विद्यार्थ्यांची तिथली संख्या झपाट्याने वाढली.

स्वतःचे व्यापार करार करण्याचं स्वातंत्र्य मात्र खरंच मिळालं. जुलै २०२५ मध्ये भारताशी झालेला मुक्त व्यापार करार हे त्याचं ठळक उदाहरण. युनियनमध्ये असताना ब्रिटनला तो एकट्याने करताच आला नसता.

आज बहुतेक सर्वेक्षणांत ‘बाहेर पडणं चुकलं’ म्हणणारे जास्त आहेत. तरीही २०२४ मध्ये सत्तेत आलेल्या लेबर सरकारने एकल बाजारपेठेत किंवा सीमाशुल्क संघात परतणार नाही, असंच सांगितलं. मे २०२५ मध्ये अन्नपदार्थांच्या तपासण्या कमी करायचं ठरलं आणि बदल्यात युरोपच्या मासेमारी बोटींना २०३८ पर्यंत ब्रिटिश पाण्यात येण्याची मुभा मिळाली. विहिरीची वाटणी अजून चालूच आहे.

सार्वमतात लोक चुकले की बरोबर होते, यावर ब्रिटनमध्ये अजून बरीच वर्षं वाद होईल. पण ज्या प्रश्नाला चार-पाच उत्तरं आहेत, तो ‘हो की नाही’ असा विचारला, की जिंकणाऱ्यांनाही आपण नेमकं काय जिंकलो ते कळत नाही. हरणारे मग तो निकाल आपला मानायला तयार होत नाहीत.