नाव एकाचे, तोटा दुसऱ्याचा

एखाद्याची मिसळ चांगली निघाली आणि दारात गिऱ्हाइके ताटकळू लागली, की आजकाल त्याच्याकडे एक पाहुणा हमखास येतो. अंगात कोट, हातात बॅग आणि जिभेवर साखर. "काका, हे एकच दुकान किती दिवस चालवणार? आम्ही तुमची शंभर करून देतो!" काका बिचारे झारा हातात धरून शंभराची स्वप्ने पाहू लागतात.

या पाहुण्याच्या कंपनीचा धंदा असा. छोट्या उपाहारगृहाचे नाव, पाटीचा रंग, मसाल्याचे प्रमाण या साऱ्याची ती एक पोथी बांधते आणि गावोगाव ते नाव वापरण्याचा मक्ता विकते. यालाच फ्रँचायझी म्हणतात. मक्ता घेणाऱ्याने जागा स्वतः घ्यायची, भट्टी स्वतः मांडायची, नोकर स्वतः ठेवायचे. वर नावाची एकरकमी फी भरायची आणि पुढे दरमहा विक्रीवर टक्के मोजायचे. मूळ मालक आणि त्याचे नाव वाढवणारी कंपनी या पैशात वाटेकरी. याला ते 'वाढ' म्हणतात. माझे भांडण या शब्दाशीच आहे. वाढते ते नाव. जोखीम जाऊन बसते ती दुसऱ्याच्या घरात.

हा दुसरा कोण? तो तुमच्याआमच्यातलाच असतो. फंडाची रक्कम हाती आलेला निवृत्त कारकून, मुलाला नोकरी लागेना म्हणून जमिनीचा तुकडा विकणारा बाप, दागिने गहाण टाकून उभी राहू पाहणारी बाई. 'चालते नाव आहे, बुडणार कसे?' एवढ्या एका वाक्यावर यांची आयुष्यभराची पुंजी टेबलावर येते.

मी शाळामास्तर. मला मोठे अर्थशास्त्र येत नाही, पण फळ्यावरचा हिशेब येतो. समजा, दुकानाची महिन्याची विक्री 4 लाख रुपये. त्यात माल गेला 1 लाख 60 हजारांचा, भाडे 80 हजार, पगार 90 हजार, वीज, गॅस आणि किरकोळ खर्च 50 हजार. उरले 20 हजार. आता नावाचे सहा टक्के मोजा. ते होतात 24 हजार. कारण टक्के नफ्यावर नाहीत, विक्रीवर आहेत. म्हणजे पहाटे उठून कांदा चिरणाऱ्याला 4 हजारांचा खड्डा, आणि कांदा न चिरणाऱ्याच्या पदरात 24 हजार! यात फसवणूक कुठेच नाही. सारे करारात लिहिलेले असते. म्हणूनच ते अधिक भयंकर आहे. जो विक्रीत वाटा घेतो पण तोट्यात घेत नाही, त्याला भागीदार म्हणू नका. तो भाडेकरी ठेवणारा घरमालक आहे.

हा हिशेब मास्तरांच्या कल्पनेतला वाटत असेल, तर अमेरिकेकडे पाहा. ही विद्या तिथेच फोफावली. क्विझनॉस हे भाजलेल्या सँडविचचे दुकान 1981 साली डेन्व्हर शहरात निघाले. मक्ते विकता विकता 2007 च्या सुमारास दुकाने पाच हजारांच्या घरात गेली. मग दुकानदारच कोर्टाची पायरी चढले. कंपनी सांगेल त्याच ठिकाणाहून चढ्या भावाने माल घ्यावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. 2014 साली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोपर्यंत हजारो दुकानांना कुलपे लागली होती.

मूळ मालक तरी सुखी होतो का? मॅकडोनाल्ड बंधूंनी 1961 साली आपला धंदा रे क्रॉक यांना 27 लाख डॉलरला विकला. सॅन बर्नार्डिनोचे पहिले दुकान त्यांनी स्वतःकडे ठेवले, पण त्यावर स्वतःचे आडनाव लावण्याचा हक्क उरला नाही. दुकानाला 'बिग एम' म्हणावे लागले. क्रॉक यांनी जवळच नवे मॅकडोनाल्ड्स उघडले आणि भावांचे दुकान पुढे बंद पडले. बापाने दिलेले नाव दुसऱ्याच्या पाटीवर पाहण्याचे सुख त्यांनी भोगले!

"मग काय, कोणी वाढूच नये?" असे कोणी विचारील. वाढावे की! व्हर्जिनियातल्या मरेल कुटुंबाने 1986 साली 'फाइव्ह गाइज' हे बर्गरचे दुकान काढले आणि मक्ते द्यायला सुरुवात केली ती 2003 च्या सुमारास. मधली सोळा-सतरा वर्षे घरच्याच माणसांनी मोजकी दुकाने चालवून धंद्याच्या खाचाखोचा जाणल्या. आज त्यांची दुकाने हजारांवर आहेत. आपल्याकडे मात्र पाटीचा रंग वाळायच्या आत मक्त्याची जाहिरात निघते. जे अजून स्वतःलाच साधले नाही, ते दुसऱ्याला शिकवण्याची फी घेणे याला वाढ म्हणत नाहीत.

अमेरिकेत 1979 पासून याबाबत सरकारी नियम लागू आहे. सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीने सारी माहिती लेखी द्यायची. त्यात किती दुकाने बंद पडली तेही येते आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दुकानदारांची नावेही. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही. 1872 चा करार कायदा आणि व्यापारचिन्हांचा कायदा यांच्या आधाराने भांडायचे. तेही पैसे गेल्यावर! आमदार-खासदारांनी एवढे एक काम करावे. बंद दुकानांचा आकडा लपवणाऱ्याला मक्ता विकता येऊ नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर वाचकहो, पाडव्याला नवी वही पुजाल आणि मनात दुकानाचा विचार असेल, तर त्या पाहुण्याला तीनच प्रश्न विचारा. बंद पडलेल्या दुकानदारांचे पत्ते देता का? टक्के विक्रीवर की नफ्यावर? तोटा झाला तर तुमचा वाटा किती? त्याने बॅग उघडून उत्तरे दिली, तर खुशाल पुढे बोला. त्याने बॅग मिटली, तर चहा पाजून निरोप द्या. फंडाची रक्कम तुमच्याकडेच राहील.