‘सर्व्हर डाऊन’ एवढ्यावर भागणार नाही

सातबारा, दाखले, पीकविमा, पतसंस्थेचे खाते, सगळे आता डेटाबेसवर गेले आहे. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत असा कोण आहे, ज्याला खिडकीवरून ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकून परतावे लागले नाही?

१. सर्व्हर बंद असणे वेगळे आणि सर्व्हरची वाट बंद असणे वेगळे. पुष्कळदा डेटाबेस ठणठणीत चालू असतो, पण मधल्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कवरच्या पहारेकऱ्याने, पोर्ट म्हणजे डेटाबेसचे दार अडवलेले असते. दरवेळी दोष फायरवॉलचाच असतो असे नाही. पण तो आहे की नाही हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे वाचवण्यासाठी पालमहून एसटीने आलेल्या शेतकऱ्याची दिवसाची मजुरी बुडवण्याचा हक्क कोणालाही नाही.

२. स्क्रीनवरचा एरर वाचायचा असतो, मिटवायचा नसतो. बराच वेळ थांबून ‘टाइमआउट’ आला तर बहुधा मधे कोणीतरी विनंती गिळते आहे. पहिला संशय फायरवॉलवर घ्यावा. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आला तर बहुधा यंत्रापर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर डेटाबेस ऐकत नाही. ‘लॉगिन फेल्ड’ आला तर वाट मोकळी आहे. पासवर्ड किंवा परवानगी तपासा. नुसत्या पिंगवर विसंबू नका, पिंग चालूनही पोर्ट बंद असू शकतो. विंडोजमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा सर्व्हरचे नाव आणि पोर्ट देऊन चालवली की सरळ उत्तर मिळते. पोर्ट एसक्यूएल सर्व्हरला सहसा 1433, मायएसक्यूएलला 3306, पोस्टग्रेसला 5432. मग विचारा, काल काय बदलले? राउटर बदलला आणि विंडोजने नेटवर्क ‘पब्लिक’ धरले, तर ‘प्रायव्हेट’पुरता केलेला नियम लागू होत नाही. ब्रॉडबँड बदलले, तर पलीकडची फायरवॉल जुनाच आयपी पत्ता ओळखते. ही कारणे नोंदवहीत लिहिली असती, तर तोच बिघाड दर महिन्याला नव्याने शोधावा लागला नसता.

३. ‘फायरवॉल ऑफ करून टाका’ हा फोनवरून मिळणारा सल्ला धोक्याचा आहे. जानेवारी 2003 मध्ये ‘एसक्यूएल स्लॅमर’ हा किडा यूडीपी 1434 या पोर्टवरून काही मिनिटांत जगभर पसरला. 2017 च्या सुरुवातीला इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली. आपल्या ठेवी आणि आधार क्रमांक असे उघड्यावर ठेवायचे का? लागेल तेवढाच पोर्ट, ठरलेल्या आयपी पत्त्यापुरताच उघडावा. त्यापलीकडे उघडलेले प्रत्येक दार हा लोकांशी केलेला विश्वासघात आहे.

४. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवा मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. पुरेशा कारणाशिवाय ती न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. मग न तपासलेला एरर हे पुरेसे कारण कसे? सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनीही प्रणालीचे लॉग 180 दिवस जपायचे आहेत, म्हणजे वाट कधी आणि कुठे अडली याचा माग असायलाच हवा. म्हणून काम अडले की खिडकीवर तीन ओळी लावा: एररचा नेमका मजकूर, तो आल्याची वेळ आणि दुरुस्तीची जबाबदारी असलेल्याचे पद. अर्ज मात्र त्याच दिवशी कागदावर घेऊन पोच द्या, म्हणजे मुदत त्या तारखेपासून मोजता येईल.