तिसरी विमानवाहू नौका कशासाठी?

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका समारंभपूर्वक नौदलात दाखल झाली. त्याच समारंभात नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन या ध्वजावर आहे. स्वदेशी नौकाबांधणीचे हे यश मोठे आहे आणि ते मुख्यतः गोदी कामगारांचे व तंत्रज्ञांचे आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या आरमाराची मुद्रा ध्वजावर घेतली, त्या आरमाराची युद्धनीती मात्र आपण घेतली नाही. १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मराठ्यांनी तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी ‘रिव्हेंज’ हे मोठे लढाऊ जहाज आणून बेटाची नाकेबंदी केली. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या उथळ बुडाच्या होड्यांनी वाऱ्याचा व भरती-ओहोटीचा अंदाज घेत, रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोचवली. आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली. मोठ्या जहाजाला उत्तर म्हणून तसेच मोठे जहाज बांधण्याचा मोह टाळल्यामुळे हे घडले.

आज तोच मोह आपल्या नौदलश्रेष्ठींना आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या राज्यकर्त्यांना पडला आहे. ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ या दोन नौका असताना तिसरी हवी, असा आग्रह वर्षानुवर्षे चालू आहे, आणि संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुढील पंधरा वर्षांच्या आराखड्यात अशा नौकेला स्थान मिळाले आहे. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: ही नौका बांधू नये.

आपल्या सभांतून या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर दिले जाते. एका युद्धनौकेच्या पैशांत किती शाळा, किती दवाखाने होतील, असा हिशोब मांडला जातो. हा हिशोब खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण प्रतिपक्ष लगेच विचारतो, “मग किनाऱ्याचे रक्षण कोण करणार?” आणि आपला कार्यकर्ता निरुत्तर होतो. म्हणून हा वाद रक्षणाच्याच भूमीवर लढवला पाहिजे. किनाऱ्याचे रक्षण झालेच पाहिजे. आणि नेमक्या त्याच कारणासाठी तिसरी विमानवाहू नौका नको, हे आपण सांगितले पाहिजे.

गेल्या साठ वर्षांचा अनुभव काय आहे? २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या लहान क्षेपणास्त्र नौकांनी पोर्ट सैदसमोर इस्राएलची ‘आयलात’ ही विनाशिका बुडवली आणि नाविक युद्धाचे एक जुने गणित मोडले. नौकेचा आकार आणि तिची मारकशक्ती यांचा संबंध त्या दिवशी तुटला. हा धडा जगात सर्वांत चांगला कोणी गिरवला असेल, तर तो आपल्याच नौदलाने. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या जेमतेम दोनशे टनांच्या सोव्हिएत बनावटीच्या नौका, ‘किल्तान’ व ‘कच्छल’ यांच्या सोबतीने कराचीवर चालून गेल्या. ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका त्यांनी बुडवली, आणि आपला एकही नाविक न गमावता त्या परतल्या. चार दिवसांनी ‘विनाश’ने तेच पुन्हा केले. ४ डिसेंबर हा नौदल दिन आपण ज्या पराक्रमासाठी साजरा करतो, तो लहान नौकांचा पराक्रम आहे!

त्याच युद्धाने दुसरी बाजूही दाखवली. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक तिच्याबरोबर गेले. ‘खुकरी’ काही मोठी नौका नव्हती. उलट ती पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठीच बांधलेली होती, आणि त्याच कामगिरीवर निघाली होती. शिकार करायला गेलेली नौका पाण्याखालच्या एका शत्रूपुढे स्वतःच शिकार ठरली. मग ज्या नौकेवर दीड हजारांहून अधिक माणसे असतात, तिच्याविषयी काय बोलावे?

यावर उत्तर येते, की जुन्या ‘विक्रांत’ने १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर चितगाव व कॉक्स बझारवर हल्ले केले, पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी केली. हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण ते कोणत्या परिस्थितीत शक्य झाले? पूर्वेकडील पाकिस्तानी विमानदल पहिल्या काही दिवसांतच नामशेष झाले होते. ‘विक्रांत’च्या शोधात आलेली ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळच बुडाली होती. याचा अर्थ असा, की जिथे प्रतिकार उरला नव्हता तिथे विमानवाहू नौका उपयोगी पडली. जिथे शत्रूच्या पाणबुड्या आणि विमाने शिल्लक होती, त्या कराचीच्या समुद्रात लहान नौका पाठवाव्या लागल्या.

१९८२ च्या फॉकलंड युद्धाने यावर शिक्कामोर्तब केले. २ मे रोजी ब्रिटिश पाणबुडीने ‘जनरल बेल्ग्रानो’ ही अर्जेंटिनाची क्रूझर बुडवली. ३२३ माणसे मेली. त्यानंतर अर्जेंटिनाची एकमेव विमानवाहू नौका बंदरात परतली आणि युद्ध संपेपर्यंत बाहेर आली नाही. ४ मे रोजी एका एक्झोसेट क्षेपणास्त्राने ब्रिटनची ‘शेफील्ड’ ही विनाशिका निकामी केली; २० नाविक प्राणास मुकले. त्या धास्तीने ब्रिटनने आपल्या दोन्ही विमानवाहू नौका बेटांपासून दूर पूर्वेला ठेवल्या. त्यांपैकी ‘हर्मिस’ पुढे १९८६ मध्ये आपण विकत घेतली आणि तिचे नाव ‘विराट’ ठेवले! युद्ध पेटताच जी वस्तू सर्वांत आधी जपून ठेवावी लागते, तिला शस्त्र म्हणायचे की ठेव?

तरीही ब्रिटन त्या दोन नौकांवाचून ती बेटे परत घेऊ शकला नसता. हेही मान्य करू, कारण सगळ्या वादाचे मर्म इथेच आहे. आठ हजार मैल दूर, जिथे आपला एकही विमानतळ नाही, अशा ठिकाणी जाऊन लढायचे असेल तर तरंगता विमानतळ लागतो. विमानवाहू नौका हे परक्या किनाऱ्यावर जाण्याचे साधन आहे, आपला किनारा राखण्याचे नव्हे. आपल्या किनाऱ्यावर गुजरातपासून बंगालपर्यंत आणि पुढे अंदमानातही विमानतळ आहेत, आणि ते बुडत नाहीत.

परक्या किनाऱ्यावर अशी नौका कशासाठी जाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. डिसेंबर १९७१ मध्ये निक्सन सरकारने ‘एंटरप्राइज’ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात पाठवली होती. तो धाक होता, युद्ध नव्हते. धाकाला भारत बधला नाही, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. ज्या साम्राज्यशाही दांडगाईचा आपण धिक्कार केला, तिचेच साधन आपण महासत्तेचे लक्षण म्हणून का मिरवावे?

चीनकडे तीन विमानवाहू नौका आहेत, ही सध्याची सर्वांत जोरकस सबब आहे. ‘ल्याओनिंग’ २०१२ मध्ये, ‘शांडोंग’ २०१९ मध्ये आणि ‘फूज्यान’ नोव्हेंबर २०२५ मध्ये तिकडे दाखल झाली. पण त्याआधी चीनने काय केले, ते कोणी सांगत नाही. १९९६ मध्ये तैवानच्या प्रश्नावर अमेरिकेने दोन विमानवाहू ताफे पाठवले, तेव्हा चीनला अपमान गिळावा लागला. त्यानंतर चीनने पाणबुड्या वाढवल्या आणि विमानवाहू नौकांवर थेट किनाऱ्यावरून मारा करणारी क्षेपणास्त्रे बनवली. आपल्या दारात आलेली मोठी नौका कशी रोखायची, याचे चीनचे उत्तर हे आहे. चीनचे अनुकरणच करायचे असेल, तर या उत्तराचे करावे.

“१९४५ नंतर एकही विमानवाहू नौका शत्रूने समुद्रात बुडवलेली नाही,” असेही सांगितले जाते. बरोबर आहे, कारण तिला बुडवू शकेल अशा शत्रूच्या टप्प्यात ती क्वचितच नेली गेली. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात ‘विक्रांत’ अरबी समुद्रात होती, आणि तिच्या धाकाने पाकिस्तानी नौदल बंदरात राहिले, असे नौदलाने सांगितले. तसे असेलही. पण चार दिवसांचा तो संघर्ष जमिनीवरून उडालेल्या विमानांनी, क्षेपणास्त्रांनी आणि ड्रोननी लढला गेला. नौकेला मारा करावा लागला नाही.

काळ्या समुद्रात काय घडले तेही पाहावे. युक्रेनने आपली एकमेव मोठी युद्धनौका मार्च २०२२ मध्ये, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून, स्वतःच बुडवली. म्हणजे नौदल असे त्याच्याकडे जवळपास उरलेच नव्हते. १४ एप्रिलला रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याची ध्वजनौका ‘मॉस्क्वा’ बुडाली. रशियाने आगीचे कारण दिले. युक्रेनने आपल्या किनाऱ्यावरील दोन क्षेपणास्त्रांचे श्रेय घेतले. पुढे स्फोटके भरलेल्या मानवरहित होड्यांनी रशियन नौकांना असे छळले, की २०२३ मध्ये ताफ्याचा मोठा भाग सेवास्तोपोल सोडून नोव्होरोसिस्कला हलवावा लागला, आणि ओडेसाहून धान्याची जहाजे पुन्हा निघू लागली. त्या युद्धाचे राजकीय मूल्यमापन हा वेगळा विषय आहे. येथे प्रश्न शस्त्रांचा आहे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथींनी हेच दुसऱ्या रीतीने दाखवले. अमेरिकेने एकामागून एक विमानवाहू नौका आणल्या, तरी व्यापारी कंपन्यांची जहाजे आफ्रिकेला वळसा घालूनच जात राहिली.

आता खर्चाचा हिशोब. ‘विक्रांत’च्या बांधणीला सुमारे २० हजार कोटी रुपये लागले. पण विमानांवाचून विमानवाहू नौका म्हणजे रिकामा माळ. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-मरीन विमानांचा करार झाला, तो सुमारे ६३ हजार कोटींचा. म्हणजे नौकेच्या तिप्पट. त्याआधी घेतलेल्या ४५ मिग-२९के विमानांची अवस्था महालेखापालांच्या २०१६ च्या अहवालात नोंदलेली आहे: उड्डाणयोग्य विमानांचे प्रमाण १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान! ‘विक्रमादित्य’च्या डागडुजीचा २००४ मधील ठराव ९७ कोटी डॉलरांचा होता, अखेरची किंमत २३० कोटी डॉलरांवर गेली. यांशिवाय या नौकेच्या भोवती संरक्षणासाठी विनाशिका, फ्रिगेट, पाणबुडी आणि इंधननौका यांचे कडे लागते. किनाऱ्याच्या रक्षणासाठी असलेले नौदल या एका नौकेच्या रक्षणात गुंतते.

आणि तोवर खरोखर लागणाऱ्या वस्तूंचे काय होते? १९९९ मध्ये तीस वर्षांत २४ पाणबुड्या बांधण्याचा आराखडा मंजूर झाला. त्यातल्या सहा स्कॉर्पिन पाणबुड्या माझगाव गोदीत २०१७ ते २०२५ या काळात पूर्ण झाल्या, त्याही त्यांच्यासाठी ठरवलेल्या नव्या टॉर्पेडोंवाचून. ती खरेदी रद्द झाली होती. सुरुंगशोधक नौकांची कथा याहून लाजिरवाणी आहे. सोव्हिएत बनावटीची शेवटची सुरुंगशोधक नौका २०१९ मध्ये निवृत्त झाली. गोवा शिपयार्डमध्ये अशा १२ नौका बांधण्याची योजना त्याआधीच, २०१८ मध्ये, गुंडाळली गेली होती. नव्या खरेदीला तत्त्वतः मान्यता मिळायला जुलै २०२५ उजाडले. सुरुंग काय करतात हे चितगावने दाखवले आहे: पाकिस्तानी सैन्याने पेरलेले सुरुंग आणि बुडालेली जहाजे काढून ते बंदर मोकळे करण्यास सोव्हिएत नौदलाला १९७२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ लागला. मुंबईच्या तोंडाशी शत्रूने मूठभर सुरुंग टाकले, तर ४५ हजार टनांची नौका धक्क्यालाच बांधून ठेवावी लागेल. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा मारेकरी मुंबईत उतरले, ते ‘कुबेर’ ही मच्छीमार बोट पळवून आणि शेवटच्या टप्प्यात रबरी होडीतून. त्यांना अडवण्यासाठी गस्ती बोटी, प्रशिक्षित सागरी पोलीस आणि कोळी बांधवांचा विश्वास लागला असता.

गोदी कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न आपल्या पक्षाला टाळता येणार नाही, टाळूही नये. पण ज्या हातांनी ‘विक्रांत’ बांधली, ते हात पाणबुड्या, सुरुंगशोधक आणि क्षेपणास्त्र नौकाही बांधू शकतात. दहा-बारा वर्षांत एक राक्षसी जहाज आणि नंतर रिकामी गोदी, यापेक्षा दरवर्षी दोन-चार लहान नौकांचे सलग काम कामगाराला अधिक स्थैर्य देते. कोची, माझगाव, गोवा आणि विशाखापट्टणम या सर्व गोद्यांना ते वाटून देता येते.

हे मत केवळ आमचे नाही. देशाचे पहिले संरक्षणदल प्रमुख जनरल बिपिन रावत यांनीही फेब्रुवारी २०२० मध्ये विमानवाहू नौकेपेक्षा पाणबुड्यांना अग्रक्रम देण्याची भूमिका मांडली होती. त्यांच्या राजकारणाशी आपले जमण्यासारखे नव्हते. पण समुद्राच्या पृष्ठभागावरची प्रत्येक वस्तू उपग्रहाला दिसते आणि क्षेपणास्त्राला सापडते, हे सत्य राजकारण पाहून बदलत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या घेऊन लोकांपुढे जावे. तिसऱ्या विमानवाहू नौकेचा एकूण खर्च, विमाने व संरक्षक ताफ्यासह, संसदेपुढे मांडला जावा. पाणबुड्या, त्यांचे टॉर्पेडो आणि सुरुंगशोधक नौका यांची तूट भरून निघेपर्यंत त्या नौकेवर एक पैसाही खर्च होऊ नये. आणि किनाऱ्यावरील सागरी पोलीस दलाला बोटी, इंधन आणि माणसे पुरेशी मिळावीत. “तुम्हाला नौदल दुबळे करायचे आहे काय?” असे कोणी विचारले, तर ‘खुकरी’वरील १९४ जणांचे स्मरण ठेवून शांतपणे सांगावे: नाविकांचे प्राण प्रतिष्ठेसाठी नाहीत. ध्वजावर शिवछत्रपतींची मुद्रा आली आहे. आता त्यांच्या आरमाराची नीतीही येऊ द्या.