अनुदान थांबले, शाळा थांबल्या नाहीत

येत्या २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती साजरी होईल. तसबिरीला हार पडतील, भाषणे होतील. सीमावासीयांनी मात्र भाऊरावांच्या आयुष्यातील कसोटीच्या एका प्रसंगाकडे डोळे उघडून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले हे गृहस्थ स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. काही वर्षे त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडी पालथी घातली. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे स्पृश्य-अस्पृश्य सारी मुले एका पंक्तीस जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वहस्ते करीत. मुलांच्या पोटाला काही उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. (सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या माउलीने सर्व जातींची मुले पोटाशी धरली, हे दान आम्हांस सोन्याहून मोठे वाटते.)

१९४८ साली मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान रोखले. भाऊरावांनी दारांना कुलपे लावली नाहीत. ते रयतेपुढे झोळी घेऊन उभे राहिले. पुढे गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. परंतु तोवर शाळा जगवल्या त्या रयतेनेच.

आता आमच्याकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ चा अन्याय आम्ही विसरलो नाही. दरसाल काळा दिन पाळतो. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हापासून तारखांची वाट पाहतो. इकडे मराठी शाळांतील बाके मात्र रिकामी होत चालली आहेत. कर्नाटक सरकार मराठी शाळांची उपेक्षा करते ही तक्रार खरी आहे व ती आम्ही मांडतच राहणार. पण मोर्चाच्या अग्रभागी चालणाऱ्या आपल्यापैकी किती जणांची मुले मराठी शाळेच्या पटावर आहेत? उत्तर देताना आमचीही मान खाली जाते.

गणेशोत्सवाची वर्गणी आमची मंडळे घरोघर फिरून हक्काने गोळा करतात. त्या वर्गणीतून जवळच्या मराठी शाळेतील एका जादा शिक्षकाचे मानधन प्रत्येक मंडळाने यंदापासून उचलावे. पहिला हिशेब छापण्यास आमचे रकाने मोकळे आहेत.