अलीगढ नाही झालं, तर कुठे? जामच्या चौरस्त्यावरून दिसणारी विद्यापीठं

बारावीचा निकाल लागला की समुद्रपूर, हिंगणघाट, जाम, कुठेही गेलं तरी पालकांचा एकच प्रश्न असतो. "मॅडम, अलीगढला नाही झालं, जामियातही नंबर नाही लागला. आता पोरीला कुठं टाकायचं?" विचारतानाच त्यांच्या मनात उत्तर तयार असतं. पोरगी घरी, आणि पोरगा चौरस्त्यावरच्या मोबाईलच्या दुकानात. कॉलेजात नाव टाकून ठेवायचं, बस्स.

हा एका गावचा प्रश्न नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. २०२०-२१ मध्ये ते १९.२१ लाखांवर आले. त्याच वर्षी सगळ्या विद्यार्थ्यांची एकूण संख्या वाढून ४.१४ कोटी झाली होती. लोकसंख्येत आपण १४ टक्क्यांहून थोडे जास्त, कॉलेजात ५ टक्क्यांहूनही कमी. कोरोनाचं वर्ष होतं हे खरं, पण कोरोना सगळ्यांनाच होता. गरिबी, शिष्यवृत्त्यांची कपात (मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंदच झाली), पुढे नोकरी मिळेल का याची शंका, ही कारणं आहेतच. माझ्या मते त्यात आणखी एक धरायला हवं. आपण एक नाव धरून बसतो आणि ते हातातून गेलं की दुसरं शोधतच नाही.

"अलीगढसारखं" असं पालक म्हणतात तेव्हा त्यांना नेमकं काय हवं असतं? खोदून विचारलं की कळतं. फी परवडणारी, सरकारी. हॉस्टेल असलेलं. उर्दू ऐकू येणारं, जुम्याच्या नमाजला अडचण नसलेलं. आणि शेवटी हळू आवाजात, "तिथं आपला कोटा आहे ना?"

या कोट्याचंच आधी पाहू, कारण व्हॉट्सअपवर त्याचा फार गोंधळ आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आज धर्माच्या आधारावर राखीव जागा नाहीत. जो ५० टक्क्यांचा कोटा आहे तो अंतर्गत विद्यार्थ्यांचा, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या शाळा-कॉलेजांतून पुढे आलेल्यांचा. जामहून जाणारा पोरगा उरलेल्या जागांसाठी देशभरातल्या मुलांशी लढतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी १९६७ चा अझीझ बाशा निकाल रद्द केला, आपल्या मोहल्ल्यांत मिठाई वाटली गेली. पण अलीगढ ही अल्पसंख्याक संस्था आहे की नाही, हा प्रश्न त्या घटनापीठाने पुढच्या खंडपीठाकडे सोपवला. त्या निकालाने कुणाच्या पोराला लगेच जागा मिळाली असं नाही. जामियाचं वेगळं आहे. २०११ मध्ये अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यानंतर तिथे निम्म्या जागा मुस्लिमांसाठी राखीव झाल्या, त्यात १० टक्के मुस्लिम मुलींसाठी आणि १० टक्के मुस्लिम ओबीसी-आदिवासींसाठी. साहजिकच देशभरातले आपलेच लोक तिथे रांगेत आहेत. त्यात हॉस्टेल मिळेलच याची खात्री नाही, आणि ओखल्यात खोली घेऊन राहणं दुचाकीच्या गॅरेजवर घर चालवणाऱ्या बापाला झेपत नाही.

तरी जामियाबद्दल आपल्या जिल्ह्याने थोडा हक्क सांगावा असं मला नेहमी वाटतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. नई तालीमचा अभ्यासक्रम ठरवायला तिथे जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते, म्हणजे त्या वेळी जामिया चालवणारा माणूस. बी.एड.ला हे सगळे पाठ करतात, मुलांना कुणी सांगत नाही.

आता "सारखं" कुठे सापडतं ते पाहू.

मला विचाराल तर जडणघडणीने अलीगढच्या सगळ्यात जवळचं विद्यापीठ बनारस आहे. नाव ऐकताच पालकांच्या कपाळावर आठ्या येतात, पण थोडं थांबा. बनारस हिंदू विद्यापीठ १९१६ चं, अलीगढ १९२० चं. दोन्ही केंद्रीय कायद्याने उभी राहिलेली, दोन्ही एकाच मोठ्या आवारात वसलेली, हॉस्टेलवर चालणारी. दोन्हीकडे वैद्यकीय, कृषी, कायदा, कला, विज्ञान सगळं एका छताखाली. एकीकडे युनानीचं तिब्बिया कॉलेज, दुसरीकडे आयुर्वेद. उर्दू, फारसी आणि अरबीचे विभाग बनारसमध्येही आहेत. भीतीचं कारण मी नाकारत नाही. २०१९ मध्ये संस्कृत शिकवायला मुस्लिम प्राध्यापक नेमले म्हणून तिथे विद्यार्थी आंदोलनाला बसले होते. पण त्याच वर्षी १५ डिसेंबरच्या रात्री पोलीस जामियातही शिरले आणि अलीगढमध्येही. पाटीवर कुणाचं नाव आहे त्यावरून आपलं पोर किती सुरक्षित राहील ते ठरत नाही.

बनारस पचत नसेल तर दक्षिणेकडे वळा. आपण जामचे लोक दिल्लीकडे पाहत बसतो आणि दारावरून जाणारा रस्ता विसरतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ इथून सरळ हैदराबादला जातो, आणि नागपूर-हैदराबाद बसगाड्या इथूनच जातात. रात्री बसायचं, सकाळी उतरायचं. दिल्ली हजार किलोमीटरच्या पुढे, हैदराबाद त्याच्या निम्म्यावर. पोरगी आजारी पडली तर बाप दुसऱ्या दिवशी पोहोचू शकतो. आमच्याकडे मुलींच्या शिक्षणाचा निर्णय बऱ्याचदा याच हिशोबावर होतो.

तिथे गच्चीबावलीत दोन केंद्रीय विद्यापीठं जवळजवळ आहेत. एक मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, म्हणजे 'मानू', १९९८ चं. उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण द्यायचं आणि मुलींच्या शिक्षणाकडे विशेष लक्ष द्यायचं, हे त्याच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. प्रवेशाला उर्दूची पार्श्वभूमी लागते, कुठल्या तरी टप्प्यावर उर्दू विषय किंवा माध्यम, नाहीतर मान्यताप्राप्त मदरशाची सनद. विदर्भातल्या उर्दू शाळांच्या ज्या मुलांना सगळीकडे "मराठी कच्ची, इंग्रजी कच्ची" म्हणून हिणवलं जातं, त्यांची उर्दू इथे जमेची बाजू ठरते. बी.एड., पत्रकारिता, समाजकार्य, संगणक अभियांत्रिकी, सगळं आहे. मानूचं अध्यापक महाविद्यालय तर औरंगाबादेतही आहे. अलीगढचं केंद्र महाराष्ट्रात येणार, ही चर्चा आपण वर्षानुवर्षं ऐकली. ते मलप्पुरम, मुर्शिदाबाद आणि किशनगंजला झालं, महाराष्ट्रात नाही. जे प्रत्यक्षात आलं त्याकडे मात्र आपलं लक्ष नाही. मानूची उणीवही सांगते. ते अलीगढइतकं मोठं नाही, विषय मोजके आहेत, आणि इंग्रजीवर स्वतः मेहनत घेतली नाही तर पुढे अडायला होतं.

दुसरं हैदराबाद विद्यापीठ, १९७४ चं. कांचा गच्चीबावलीच्या जमिनीवरून २०२५ मध्ये विद्यार्थ्यांनी झाडं वाचवायला आंदोलन केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, ते हेच. विद्यार्थीसंख्येने लहान, अभ्यासाने कडक. बारावीनंतर पाच वर्षांचे एकत्रित अभ्यासक्रम आहेत. शिकवणं इंग्रजीत, पण उर्दूचा स्वतंत्र विभाग आहे. उस्मानिया विद्यापीठाशी मात्र याची गल्लत करू नका. उस्मानियाचं नाव काढलं की आमच्या बुजुर्गांचे डोळे चमकतात, १९१८ मध्ये उर्दूतून शिकवणारं विद्यापीठ म्हणून ते सुरू झालं होतं. आज ते तेलंगणाचं राज्य विद्यापीठ आहे आणि बहुतेक जागा तिथल्याच मुलांच्या.

आणि नागपूर? राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ १९२३ चं, म्हणजे वयाने अलीगढचंच. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया असे चार जिल्हे त्याच्याखाली. आकडा पाहिला तर प्रचंड मोठं. पण हा मोठेपणा वेगळा. इथे पदवीचा विद्यार्थी विद्यापीठात नसतो, हिंगणघाटच्या किंवा समुद्रपूरच्या कॉलेजात असतो, विद्यापीठ फक्त परीक्षा घेतं आणि डिग्री देतं. देशभरातल्या मुलांबरोबर हॉस्टेलात राहण्याचा अनुभव त्यात नाही. ज्याला अलीगढ त्यासाठी हवं होतं त्याला नागपूर त्याच्यासारखं वाटणार नाही. ज्याला फक्त परवडणारी सरकारी पदवी हवी होती, त्याच्यासाठी नागपूरच बरं. मुलींसाठी तर आणखी एक गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत महाराष्ट्रातल्या संस्थांपुरती. बाहेर गेलात की ती सुटली.

शिवाय इथे पदवी आणि मग एम.ए., एम.एस्सी.ला बाहेर, हा रस्ता आपण फारच कमी वापरतो. बारावीला हुकलेलं बनारस किंवा हैदराबाद तीन वर्षांनी पदव्युत्तर सीयूईटीतून मिळू शकतं. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयही केंद्रीयच आहे, १९९७ चं. जनसंचार, समाजकार्य, अनुवाद शिकवतात. जामपासून तासाभराच्या वाटेवर. आपल्यापैकी किती जणांनी त्याचं आवार आतून पाहिलंय?

सगळ्यात मोठी अडचण मात्र वेळेची आहे. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी आली. तिचा अर्ज बारावीच्या निकालाच्या खूप आधी बंद होतो. निकालानंतर "कुठं टाकायचं" विचारणाऱ्या पालकांसाठी दिल्ली, बनारस, हैदराबाद विद्यापीठ, सगळी दारं तेव्हाच लागलेली असतात. त्यात अलीगढ आणि जामिया काही अभ्यासक्रमांना सीयूईटी घेतात, बाकीच्यांना स्वतःची परीक्षा. म्हणजे फॉर्म वेगळे, तारखा वेगळ्या. मानूचा अर्ज आणखी वेगळा. सीयूईटीचे प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकांवर असतात, आपली मुलं बालभारतीची पुस्तकं वाचतात, हा फरक अकरावीतच सांगायला हवा. परीक्षा मराठीतही देता येते आणि उर्दूतही, हे तर कित्येक शिक्षकांनाही माहीत नाही. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच विषय निवडता येतात. ते एका विद्यापीठाकडे पाहून न निवडता तीन-चार विद्यापीठांच्या अटी समोर ठेवून निवडा.

राहिला कागदांचा प्रश्न. बनारस, दिल्ली, हैदराबाद इथे ओबीसींना २७ टक्के आणि ईडब्ल्यूएसला १० टक्के जागा आहेत. कुरैशी, अन्सारी, पिंजारी घरांनी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र काढायला हवं, आणि त्याआधी आपली बिरादरी केंद्राच्या यादीत कोणत्या नावाने आहे ते पाहायला हवं, कारण राज्याची यादी वेगळी. जे शेख, पठाण, सय्यद ओबीसीत बसत नाहीत आणि उत्पन्न व मालमत्तेच्या अटीत बसतात, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएस आहे. ते प्रमाणपत्र दर आर्थिक वर्षी नवं लागतं. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात बहुतेक वेळा फक्त "मुसलमान" लिहिलेलं असतं. मग काकाचा दाखला, चुलत आजोबांचं खरेदीखत, जुना जन्म-मृत्यूचा उतारा शोधावा लागतो. त्यात सहा-सहा महिने जातात. त्यामुळे हे काम पोर दहावी झालं त्याच उन्हाळ्यात हाती घ्या.