अस्सलपणाचे सोवळे

मोटारींच्या शास्त्रात मला गती नाही. मी जळकोटचा एक मॅट्रिक झालेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो आणि वडिलांनी मागे ठेवलेली 1973 सालची फियाट चालवतो. मोटारींवर लिहिण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर एवढेच की, ज्याच्या गाडीला चारचौघांत नावे ठेवली गेली त्याला हा अधिकार आपोआप मिळतो.

नावे ठेवली ती एका लग्नात. वऱ्हाडी मंडळींत जुन्या मोटारींचे एक शहरी शौकीन होते. त्यांनी गाडीभोवती भक्तिभावाने प्रदक्षिणा घातली, दार उघडले आणि आतल्या पॅडवर नख वाजवून विचारले, "हे कुठले?" मी म्हणालो, "जळकोटचे." सोवळ्यातल्या माणसाला पारोसा हात लागावा तसा त्यांनी आपला हात मागे घेतला. म्हणाले, "मग गाडी वाया घालवलीत. ओरिजिनल राहिली नाही."

आता ती कशी वाया गेली ते सांगतो. दाराचे पॅड म्हणजे रेक्झिनने मढवलेला हार्डबोर्ड. मागे क्लिपा, मध्ये काच वर-खाली करण्याच्या हँडलसाठी भोक. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरते. आतले प्लॅस्टिक फाटले की ते हार्डबोर्डला लागते, तो फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. वडिलांच्या गाडीची चारही पॅडे अशीच गेली होती. एका मोठ्या शहरातल्या दुकानाने "हुबेहूब मूळच्यासारखी" पॅडे विकायला काढली होती. मी दोन महिन्यांची शिल्लक घालून ती मागवली आणि आनंदाच्या भरात जुनी भंगारवाल्याला देऊन टाकली. हा माझा गाढवपणा, तो मी कबूल करतो.

नवी पॅडे दिसायला देखणी होती. दाराला लावली तेव्हा हँडलचे भोक बोटभर पुढे आले आणि क्लिपांची जागा तर एकाही भोकाशी जुळेना. दुकानदार म्हणाला, "माल बरोबर आहे, तुमचे दारच वाकडे असेल." वाकडे असेलच! पन्नास वर्षांत त्या दाराने बैलगाडीचा धक्का खाल्ला, दोनदा पत्राकाम सोसले, एकदा बिजागरी बदलून घेतली. पण दार बदलले म्हणून ते खोटे ठरते काय?

अखेर गेलो आमच्या गावच्या कुशनवाल्या चाचांकडे. ट्रॅक्टरची सीट, रिक्षाचे हूड, मोटारसायकलची गादी, सारे त्यांच्याच हातचे. त्यांनी नव्या पॅडांकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, दार बघून पॅड करावं लागतंय. पॅड बघून दार करता येत नसतंय." मग विचारले, "जुनं कुठंय?" नशिबाने मागचे डावे पॅड आईने कणगीवर झाकण म्हणून ठेवले होते, तेवढे भंगारातून वाचले. चाचांनी ते नव्या हार्डबोर्डवर ठेवून आखले. तेच उलटे केले आणि मागच्या उजव्याचे माप मिळाले. पुढच्या दारांना नमुना नव्हता. तेव्हा त्यांनी दाराच्या पत्र्यावरील प्रत्येक भोकाच्या कडेला ओला खडू फासला, त्यावर जाड कागद दाबला, आणि दाराने आपले माप आपणच सांगितले. रेक्झिन तासभर उन्हात तापवून मग ताणले, म्हणजे पुढे उन्हाळ्यात त्याला फुगे येत नाहीत. विकतच्या पॅडांचे रेक्झिन चांगले होते, तेच काढून वापरले. दोन दिवसांत चारही दारे मिटू लागली, खडखड थांबली. वाया गेली ती गाडी ही!

शौकिनांना माझा पहिला प्रश्न : मूळ कोणते? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट 1100 ही इटलीतल्या गाडीची परवान्याने केलेली प्रतिकृतीच होती. इटलीत ती गाडी 1969 साली बंद झाली. इथे ती त्यापुढेही तीसेक वर्षे निघत राहिली, 1974 पासून तर 'पद्मिनी' असे आपले नाव घेऊन. तुरिनची नक्कल कुर्ल्यात झाली तर ती अस्सल, आणि कुर्ल्याची दुरुस्ती जळकोटात झाली तर ती भ्रष्ट, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

दुसरा प्रश्न सरकारी नियमाचा. केंद्राने 2021 साली पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. तिच्यात चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. गादी-अस्तराचे नाव त्या यादीत नाही. सरकारला जे सोवळे सुचले नाही ते या मंडळींना सुचले! शिवाय त्या नोंदणीची गाडी प्रदर्शनाला न्यावी, रॅलीत न्यावी, रोजच्या कामाला मात्र काढू नये. म्हणून मी त्या वाटेला गेलोच नाही. माझी गाडी आईला उदगीरच्या दवाखान्यात नेते. तिला मखरात बसवायला मला परवडत नाही.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्याने त्याने मनाला येईल ते बदलले तर उद्या मूळ वस्तू कशी होती हे कोणाला कळणार नाही, हे खरे आहे. धडधाकट जुने पॅड उपटून झगमगीत नवे लावणारा माझाही शत्रू आहे. पण त्यावर उपाय तुच्छतेचा नाही, नोंदीचा आहे. जुना तुकडा कितीही कुजला तरी नवा बसेपर्यंत टाकू नये. दुकानदाराने भोके न पाडलेली पॅडे विकावीत आणि "हुबेहूब" हा शब्द जपून वापरावा. नव्या पॅडच्या पाठीवर तारीख आणि गाव लिहावे, म्हणजे नक्कल ही नक्कल म्हणूनच ओळखली जाईल आणि कोणी फसणार नाही. मी चारही पॅडांच्या मागे पेन्सिलीने ते लिहिले आहे.

29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढे उसासे निघाले! त्या टॅक्सीचे अस्तर आयुष्यात कितीदा बदलले, ते शिवणारे हात कोणते, हे मात्र कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. गाडीसाठी गळा काढायचा आणि तिला चालती ठेवणाऱ्याला "गावठी" म्हणायचे, हा कसला जिव्हाळा?

चाचांची नजर आता अधू झाली आहे. सुईत दोरा ओवायला माझ्या शाळेतली पोरे जातात. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला, तो हे काम शिकला नाही. चाचा गेले की जळकोटात खडूने दाराचे माप घेणारे कोणी उरणार नाही. मग हुबेहूब पॅडांचे पार्सल येत राहील आणि दारे वाकडी ठरत राहतील. शौकीन मंडळींना अस्सल काही जपायचेच असेल, तर त्यांनी आधी या माणसाकडे दोन मुले शिकायला पाठवावीत. माझ्या गाडीच्या पॅडवर नख मागाहून वाजवावे.